नुसता अशक्तपणा

६ जानेवारी, सोमवार

पंचवीस टक्के.

डॉक्टरबाईंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. तिथं बिरदेवचं हृदय होतं. राखाडी, धुरकट. दमलेला माणूस बोलायचाही कंटाळा करून नुसता हात हलवतो, तसं हलत होतं. प्रत्येक ठोक्याला आतलं पंचवीस टक्केच रक्त पुढे जातं; निरोगी माणसाचं साठच्या आसपास असतं म्हणे. "हार्ट फेल्युअर म्हणतात याला," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "म्हणजे बंद पडलंय?" त्या म्हणाल्या, "नाही ताई, कमजोर पडलंय." मी मान हलवली. मला काहीच कळलं नव्हतं.

सकाळी नववीच्या वर्गावर होते. रांजणगावहून त्याच्या कंपनीतल्या सतीशचा फोन आला. "वहिनी, घाबरू नका, बिरूभाऊंना शिरूरला दवाखान्यात नेतोय. शिफ्टवर येताना जिन्यातच बसले." फळ्यावर वाक्य अर्धं टाकून निघाले. कोणतं वाक्य होतं, आता आठवत नाही.

सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. दिवाळीत खताच्या गोण्या पाठीवरून उतरवत होता.

(समोर मी कधी त्याचं नाव घेतलं नाही. 'अहो'च म्हणते. इथं मात्र तो 'तो' आहे. इथं कुणी वाचत नाही.)

दवाखान्याच्या व्हरांड्यात गोकुळभाऊजी, माझे धाकटे दीर, म्हणाले, "वहिनी, आण्णांना काय सांगायचं?" सासूबाई हृदयविकारानेच अंगणात कोसळल्या आणि गेल्या. आण्णा, माझे सासरे, शेजारीच बसलेले होते. तेव्हापासून आमच्या घरात 'हार्ट' हा शब्द कुणी काढत नाही. भाऊजी म्हणाले, "आईचं तसं झालं, आता लेकाचं ऐकलं तर म्हातारा जागेवर जाईल. नुसता अशक्तपणा हाय म्हणू." मी हो म्हटलं. बरंच वाटलं. एक तरी गोष्ट ठरली.

९ जानेवारी

आज डॉक्टरबाईंना वेळ होता. मी विचारलं, दिवाळीत चांगला असलेला माणूस दोन महिन्यांत असा कसा होतो? त्या म्हणाल्या, "दिवाळीतही चांगले नव्हते. शरीर झाकून नेत होतं."

त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

हृदय पुरेसं रक्त पुढे ढकलत नाही. शिरांमध्ये जागोजागी राखणदार असल्यासारखे मज्जातंतू असतात, ते मेंदूला कळवतात की रक्त कमी पडतंय. एवढंच कळवतात. का कमी पडतंय, ते त्यांना माहीत नसतं. मग शरीर आपल्या जुन्या समजुतीनं वागतं, जखम होऊन रक्त वाहून गेलंय असं धरून. मज्जातंतू हृदयाला पळवतात, रक्तवाहिन्या आवळतात. किडनी एक हार्मोन सोडते, त्यातून दुसरं, त्यातून तिसरं. (नावं सांगितली त्यांनी, माझ्या लक्षात राहिली नाहीत.) ती हार्मोन्स म्हणतात, मीठ सोडू नका, पाणी सोडू नका. तहानसुद्धा तीच वाढवतात. सुरुवातीला याचा उपयोग होतो, माणूस चालता-फिरता राहतो. आणि त्याच वेळी कमजोर हृदयावर रोज नवं ओझं पडत जातं. शेवटी पाणी पायांत उतरतं, फुफ्फुसात चढतं.

"म्हणजे त्यांचं शरीरच त्यांना मारतंय?" मी विचारलं.

"वाचवायला बघतंय," त्या म्हणाल्या. "त्यातूनच नुकसान होतंय. आपल्या निम्म्या गोळ्या या मदतीला आवरण्यासाठीच आहेत."

मी घरी येईपर्यंत एसटीच्या खिडकीला डोकं टेकून बसले होते. कुणाचा राग करावा, हेही कळत नव्हतं. आजाराचा करता येतो. हे तर सगळं मायेनंच चाललंय.

१२ जानेवारी, रविवार

घरी आणलं. जेवणात मीठ जवळजवळ नाही, पाणी मोजून, रोज सकाळी वजन. वजन भराभर वाढलं तर ते पाणी आहे असं समजायचं आणि लगेच फोन करायचा.

आण्णा दारातच उभे होते. ऐंशी कधीच ओलांडलीय, पण उभे राहिले की अजून काठीची आठवण येते, मेंढरांमागची. निम्मं आयुष्य त्यांनी मेंढरांच्या वाड्यावर, उघड्यावर काढलं. त्यांनी बिरदेवचा दंड दाबून पाहिला, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली.

"कशाचा म्हनं अशक्तपणा?"

"कामाचा ताण, आण्णा. झोप नाही, वेळेवर जेवण नाही." माझ्या तोंडून किती सहज आलं.

संध्याकाळी त्याचं ताट पाहून आण्णा थांबले. बोटानं आमटी चाखली.

"ह्यात मीठ न्हाई."

"डॉक्टरांनी बंद केलंय."

"अशक्त माणसाचं मीठ तोडलं? कुठला डाक्टर हाय त्यो?"

"मोठ्या आहेत आण्णा, बाई आहेत."

"आसंल मोठी. मेंढरं न्हाई राखली तिनं."

सगळे हसलो. बिरदेवही हसला. किती दिवसांनी.

१४ जानेवारी

संक्रांत. त्यानं ताट सरकवलं. "हे जनावरंसुद्धा खाणार नाहीत, म्हाळसा. ओठाला काहीच लागत नाही गं." पाण्याची बाटली दुपारीच संपवली होती. ग्लास मागितला, मी नाही म्हटलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. वीस वर्षांच्या संसारात असं बघितलं नव्हतं. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

१७ जानेवारी

शाळेत रुजू झाले. मनात धाकधूक होती, पण आण्णांनी मोठा आधार दिला. "तू जा शाळंत. पूनमबी जाऊ दे शेवंती तोडायला. मी हाय न्हवं हितं. माझं तरी काय काम आसतंय?" पूनम ही गोकुळभाऊजींची बायको, माझी जाऊ. मी शाळेत गेले की सकाळचा स्वयंपाक तिच्याकडे असतो.

आण्णांनी स्वतःची कॉट बिरदेवच्या खोलीत हलवलीय. सासूबाई गेल्यापासून ते ओसरीवर एका खांबाला टेकून बसायचे. कुणी बोलावलं तर जेवायचे. आता सकाळी अंघोळ करून तयार असतात, दाढीही केली होती. उपरण्याच्या टोकाला गाठ दिसली. मी विचारलं, "काय बांधलंय आण्णा?" म्हणाले, "भंडारा हाय. लेकासाठी."

आणि बिरदेव आता ताटाला नावं ठेवत नाही. मुकाट्यानं सगळं जेवतो. सवय होते माणसाला. डॉक्टरबाई म्हणाल्याच होत्या, महिन्याभरात जीभ बदलते. याची तर आठवड्यातच बदलली.

२१ जानेवारी, मंगळवार

वजन वाढलंय. काल वाटलं, काटा हलला असेल. आज परत पाहिलं. आण्णांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अंग भरतंय! बघ, म्हटलं न्हवतं?"

कुणाला काय सांगू. मी दवाखान्यात फोन केला, त्यांनी अंगातलं पाणी उतरवायची गोळी वाढवली. डॉक्टरबाईंनी एकच विचारलं, मीठ जातंय का कुठून?

आमच्या घरात मी सोडून स्वयंपाक कोण करतं? पूनम. मी तिला पडवीत गाठलं.

"पूनम, खरं सांग. दादांच्या भाजीत मीठ टाकतेस का?"

ती शेवंतीच्या जुड्या बांधत होती. तशीच थांबली. "म्हंजी?"

"त्यांना आवडत नाही म्हणून, दया येऊन, चिमूटभर..."

"बाई," ती म्हणाली. एरवी मला ताई म्हणते. "शाळेत पोरांना पकडता तसं मला पकडू नका. त्यांची भाजी मी आधी काढते, मीठ मागनं घालते. पटत न्हाई तर उद्यापासून तुमचं तुम्ही करून जा."

मी म्हटलं, "करीन."

२२ जानेवारी

केलंच. पहाटे उठून दोन्ही वेळचं करून डबे झाकून गेले. आता तरी.

२३ जानेवारी

तरी वाढतंय. चप्पल पायात जात नाही. आडवं झालं की खोकला येतो, उशांच्या थप्पीवर बसून झोपतो. मी विचारते, "बाहेरचं काही खाल्लंत का? खरं सांगा." तो खिडकीबाहेर बघत म्हणतो, "मी कुठं जातोय बाहेर?" उद्या संध्याकाळी तपासायला न्यायचं ठरलंय. पूनम माझ्याशी बोलत नाही.

माझीही छाती हल्ली धडधडते. शाळेचा जिना चढताना दोनदा थांबले. असो.

२४ जानेवारी

सव्वीस जानेवारीच्या कवायतीमुळे शाळा लवकर सुटली. घरी आले. दार नुसतं लोटलेलं होतं.

बिरदेव कॉटवर पाय खाली सोडून बसला होता. समोर आण्णा. उपरण्याची गाठ सुटलेली. त्यांच्या उजव्या तळव्यावर खडेमीठ होतं आणि बिरदेव वाकून त्यांच्या तळव्यावरून ते चाटत होता. आण्णांचा डावा हात त्याच्या मानेवर, खंगलेल्या मेंढराला मीठ चाटवून उठवताना गोंजारतात तसा. तोंडानं हलकेच, "घे... घे... उठतंय आता माझं लेकरू."

बिरदेवनं मान वर केली आणि मला पाहिलं.

मला पाहिलं, आणि परत मान खाली घालून उरलेले खडे चाटले.

मी ओरडले नाही. आत गेले नाही. मागे वळून फाटकापर्यंत गेले आणि तिथं उभी राहिले. हातात शाळेची पिशवी होती. ती खाली ठेवावी हेसुद्धा सुचलं नाही. पूनमचा चेहरा डोळ्यांसमोर आला, मग कुणाचाच नाही.

तासाभरात त्याला धाप लागली. ओठ निळे पडले. गोकुळभाऊजींनी गाडी काढली. आण्णा गाडीमागे पळत आले, ऐंशीपुढचा माणूस. "अरं, आत्ता तर बरा हुता!"

नंतर लिहीन.

२५ जानेवारी

अतिदक्षता विभाग. नाकावर मुखवटा, हातात सुई, लघवीची पिशवी. डॉक्टरबाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, "मीठ कुठून गेलं?" बिरदेव मुखवटा सरकवून म्हणाला, "एका लग्नात जेवलो." दोन आठवडे तो घराबाहेर पडला नव्हता.

त्या गेल्यावर मी खाली वाकले.

"तुम्हाला ठाऊक होतं, मीठ विष आहे म्हणून."

"हो."

"मग?"

दर दोन शब्दांनंतर त्याला श्वास घ्यावा लागत होता. "पहिल्या दिवशी... मला वाटलं, एवढ्याशानं काय होतंय. चवही लागली. मग रोज द्यायला लागले. आई गेल्यापासून आण्णा कशात नव्हते गं. तू पाहिलंस ना? दाढी करायला लागले. त्यांना वाटतंय, मी त्यांच्या हातानं उठतोय."

"आणि मी? मी कुणाच्या हातानं उठू?"

त्यानं डोळे मिटले. पडद्यावरचा नाडीचा आकडा चढायला लागला. नर्स आली, म्हणाली, "मॅडम, त्यांना त्रास होईल असं बोलू नका. काळजीनंसुद्धा तीच हार्मोन्स वाढतात."

मी बाहेर निघाले तेव्हा त्यानं माझा पदर धरला. "आण्णांना सांगू नको. सांगितलंस तर मला तोंड दाखवू नको."

मी ज्याच्यासाठी पहाटे उठून बिनमिठाची भाकरी थापत होते, त्यानं मला असं सांगितलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. समोरून स्ट्रेचर जात होते, येत होते. मला ऐकू काहीच येत नव्हतं.

२६ जानेवारी

पूनमला फोन केला. म्हटलं, "चुकलं माझं." ती म्हणाली, "कळलं मला. आण्णांच्या उपरण्याला मीठ लागलेलं हुतं, धुताना दिसलं." आणि मग, "ताई, तुम्ही जेवलात का?"

ती म्हणते, सांगू नये. म्हातारं खचून जाईल, एवढा अपराध त्यांना पेलायचा नाही. भाऊजीही तेच म्हणतात. भंडाऱ्याची पुडी द्यायची आणि मीठ लपवायचं. घरातलं सगळं मीठ, कायमचं? मी विचार करून थकले. सांगितलं तर बिरदेवची नाडी पळणार. नाही सांगितलं तर आण्णा कुठूनही मीठ आणणार, शेजारून मागून आणणार. बाजूच्या खाटेवरचा माणूस आज गेला. त्याच्या बायकोनं पाण्याची बाटली घट्ट धरली होती, कुणी सोडवली तरी सोडेना.

२७ जानेवारी, सोमवार

आण्णा आले. भाऊजी गाडी लावायला खाली थांबले. बिरदेवचा मुखवटा काढला होता, पण छातीत अजून पाणी आहे असं सकाळीच सांगितलं होतं. आण्णा कडेच्या स्टुलावर बसले, त्याच्या कपाळावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले,

"म्हाळसा, जरा दाराकडं लक्ष ठिव. नर्सबाई वरडंल."

आणि गाठ सोडायला लागले.

त्यांनी मला पहाऱ्याला बसवलं. मी त्यांच्या बाजूची आहे, असं त्यांना वाटत होतं. बिरदेव माझ्याकडे बघत होता. मान हलवता येईना म्हणून नुसत्या डोळ्यांनी. नको. नको.

खडे तळव्यावर आले. तळवा त्याच्या तोंडाकडे गेला.

"आण्णा, थांबा. या मिठानंच त्यांच्या छातीत पाणी झालंय."

ते हसले. "मिठानं? अगं, अशक्तपणा हाय त्याला."

"अशक्तपणा नाही. त्यांचं हृदय कमजोर पडलंय. सासूबाईंचं दुखणं होतं, तसंच हृदयाचं. आम्ही तुम्हाला खोटं सांगितलं."

हात होता तिथंच राहिला. एक खडा चादरीवर पडला.

"कवापास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

"समद्यास्नी म्हाईत हुतं? पूनमला?"

"हो."

"आन् तुला रं?"

बिरदेवच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांकडे वाहत होतं. त्यानं पापण्या मिटून हो म्हटलं.

"मंग चाटत का हुतास?"

"तुम्ही देत होता, आण्णा."

आण्णांनी डावा हात उगारला. मला वाटलं, खरंच मारणार. हात हवेतच राहिला, मग गुडघ्यावर पडला. त्यांनी उजव्या तळव्याकडे पाहिलं. मग सगळं मीठ परत उपरण्यात घेतलं, चादरीवरचा खडाही वेचला, तळवा धोतराला पुसला, पुन्हा पुसला.

"तुझी सासू माझ्या मांडीवर गेली," ते मला म्हणाले. "तवा मी न्हाई मेलो. आन् आता मरंन म्हनून मला सांगितलं न्हाई व्हय? मला सांगितलं आसतं तर मी ह्याच्या तोंडात मीठ घातलं आसतं का गं?"

मी त्यांच्या स्टुलाजवळ सरकले.

"सांग आता. पोरांना सांगतीस तसं, नीट सांग. काय झालंय ह्याच्या अंगात?"

मी विचारलं, "आण्णा, दुष्काळात मेंढरं घेऊन फिरताना तुम्ही काय करायचा?"

"काय करनार? पानी जपायचं. मीठ जपायचं. थेंब वाया जाऊ द्यायचा न्हाई."

"यांच्या शरीराला वाटतंय, दुष्काळच पडलाय. हृदय रक्त पुढं ढकलत नाही, ते शरीराला कळत नाही. त्याला एवढंच कळतं की पोचत नाहीये. म्हणून ते आलेलं मीठ धरून ठेवतं, पाणी धरून ठेवतं, शिरा आवळून घेतं. दमलेल्या हृदयाला पळ म्हणून मागे लागतं. पाणी तर भरपूर आहे, आण्णा. छातीपर्यंत आलंय. तरी शरीर धरूनच बसलंय."

"आन् त्याला कुनी सांगितलं न्हाई?"

"या गोळ्या आणि इंजेक्शनं तेच सांगायला असतात. ऐकायला वेळ लागतो."

बाहेर कुणीतरी सलाइनचा स्टँड ओढत नेला.

"म्हंजी त्याचं अंगबी माझ्यावानीच," ते म्हणाले. "जीव लावतंय. खरं काय ते त्यालाबी म्हाईत न्हाई."

ते उठले. पलंगाचा कठडा धरून वाकले, इतके खाली की त्यांची पांढरी मिशी बिरदेवच्या छातीला टेकली. ते बिरदेवशी बोलत नव्हते. वाड्यावर बुजलेल्या जनावराजवळ बोलायचे, त्या आवाजात ते त्याच्या छातीला सांगत होते.

"दुष्काळ न्हाई रं. पानी हाय, मायंदाळ पानी हाय. नगं धरून बसूस. सोड. म्या हाय हितं. सोड बाळा."

बिरदेवचा हात चाचपडत त्यांच्या डोक्यावर आला. मी पडद्यावरच्या आकड्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

नर्स आत आली. "बाबा, भेटायची वेळ संपली. बाहेर व्हा."

आण्णांनी मान वर केली नाही.

"थांब बाई," ते म्हणाले, "त्याला सांगतोय."